टॉर्क कन्व्हर्टरमधील जुने तेल

भिलाईच्या पोलाद कारखान्यास लोहखनिज दल्ली-राजहरा येथील खाणींतून मिळते. अशा खाणींतील अवजड डंपरांत, तसेच स्वयंचलित गिअरांच्या पिकअप ट्रकांत टॉर्क कन्व्हर्टर असतो. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली या युक्तीचे पेटंट घेतले. एंजिनाने फिरणारे चक्र तेल फेकते, त्या माऱ्याने दुसरे चक्र फिरते. मधले तिसरे चक्र प्रवाह वळवून फिरविणारा जोर वाढविते. या घुसळणीने तेल तापते व कालांतराने निकस होते. पिकअपच्या गिअरपेटीचा तळ रिकामा केला, तरी कन्व्हर्टरमधील पुष्कळसे तेल आतच राहून नव्यात मिसळते. निकस तेलाने क्लचच्या तबकड्या घसरून जळू शकतात. म्हणून कन्व्हर्टरला स्वतंत्र बूच असेल, तर एंजिन बंद ठेवून कन्व्हर्टर हळूहळू फिरवीत ते तळाशी आणावे व कोमट तेल निथळू द्यावे. नवे तेल भरल्यावर एंजिन चालवून पातळी पुन्हा पाहावी. कारण रिता कन्व्हर्टर भरताना ती उतरते.