संकेतस्थळाचे नाव कोणाचे?

झाशीच्या सदर बाजारातील एखाद्या दुकानावर जे नाव आहे, त्याच नावाचे दुसरे दुकान पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर असू शकते. दोघांची गावे निराळी, गिऱ्हाइके निराळी. म्हणून एकाचा दुसऱ्यास उपद्रव होत नाही. इंटरनेटवर मात्र ही सोय नाही. तेथील पत्ते मुळात अंकांत असतात. ते माणसाच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून त्यांऐवजी अक्षरी नावे योजिली जातात; आणि एकच संपूर्ण नाव जगात एकाच वेळी दोघांना देता येत नाही. जो प्रथम मागेल त्याला ते अल्प शुल्कात मिळते. त्या नावावर त्याचा खरोखर हक्क आहे काय, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. तंट्याचे मूळ नेमके येथे आहे.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी ही सेवा भारतातील सर्वसामान्यांस खुली केली, आणि चार वर्षांच्या आतच असे तंटे न्यायालयांपुढे आले. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात ‘रेडिफ डॉट कॉम’ या संकेतस्थळाच्या चालकांनी ‘रॅडिफ डॉट कॉम’ हे नाव घेणाऱ्यांविरुद्ध दाद मागितली. इंग्रजी लिपीत या दोन नावांत एकाच अक्षराचा फरक होता. आपले नाव काही इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून बनविले आहे, असा प्रतिवादींचा खुलासा होता. न्यायालयाला तो पटला नाही आणि त्याने मनाईहुकूम दिला. संकेतस्थळाचे नाव हा केवळ पत्ता नव्हे; व्यापारचिन्हाला जे संरक्षण मिळते, तेच त्यालाही मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहू’च्या दाव्यातही असाच निर्णय दिला. त्या वेळी लागू असलेला व्यापारचिन्हांचा १९५८ चा कायदा मालाविषयी होता, सेवांविषयी नव्हता. शिवाय इंटरनेट वापरणारा माणूस सुशिक्षित असतो, तो फसणार नाही, असे दोन्ही बचाव तेथे मांडले गेले. ते टिकले नाहीत.

मग न्यायालयांनी आधार कशाचा घेतला? आपला माल दुसऱ्याचा म्हणून कोणी खपवू नये, या जुन्या तत्त्वाचा. आपल्या भाषेत याला तोतयेगिरी म्हणता येईल. तोतया दरबारात उभा राहो वा संगणकाच्या पडद्यावर, तो दुसऱ्याच्या लौकिकावर जगतो. साधन नवे असले, तरी लबाडी जुनीच होती.

२००४ साली ‘सिफी’च्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने या विचारावर शिक्कामोर्तब केले. अशा नावांच्या तंट्यांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही, तरीही हेच तत्त्व त्यांना लागू पडते, असे त्याने सांगितले. पण त्याबरोबर एक मर्यादाही दाखविली. देशाच्या कायद्याचा अंमल देशाच्या सीमेपाशी थांबतो, संकेतस्थळाचे नाव मात्र जगभर पोहोचते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९९ सालीच आंतरराष्ट्रीय लवादाची पद्धत सुरू झाली होती.

संकेतस्थळ उभारणाऱ्याने यावरून एवढे ध्यानात ठेवावे, की नाव प्रथम नोंदविल्याने ते हाती येते, पण तेवढ्याने त्यावर हक्क सिद्ध होत नाही. आणि झाशीच्या त्या दुकानदाराने सचोटीने नाव घेतले असेल, तर केवळ पुण्याच्या दुकानाशी साम्य आहे म्हणून तो तोतया ठरत नाही. कायदा नावाबरोबर हेतूही तपासतो.