गाडीत पेट्रोलचा वास आणि स्कॅनरवर ‘नो फॉल्ट’ : गृहीतक तपासायचं म्हणजे काय?

संशोधनाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. ‘गृहीतक म्हणजे काय’ याची व्याख्या सगळ्यांना पाठ असते, पेटच्या मुलाखतीत ती सांगताही येते. पण ‘बरं, मग ते तपासणार कसं?’ असं विचारलं की गाडी अडते. म्हणून आज आपण खरीखुरी गाडीच उदाहरणाला घेऊ. इथे निष्कर्ष चुकला तर नुसते गुण जात नाहीत, आगही लागू शकते.

समजा, चार-पाच वर्षं वापरलेली बीएस-६ पेट्रोल कार आहे. सकाळी पार्किंगमध्ये तिच्याजवळ पेट्रोलचा वास येतो. गाडी एका झटक्यात सुरू होते, पळते व्यवस्थित. मीटरवर इंजिनचा दिवा लागलेला नाही. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर ‘नो फॉल्ट’. आता सांगा, गळती आहे की नाही?

आधी सुरक्षितता, मग जिज्ञासा

पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे ती खाली बसते. बेसमेंट पार्किंग किंवा गॅरेजचा खड्डा म्हणूनच सगळ्यात धोकादायक. हवेत वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तर एक ठिणगी पुरते.

त्यामुळे वास तीव्र असेल किंवा खाली थेंब दिसत असतील, तर गाडी सुरू करून ‘बघू’ म्हणायचं नाही. ती चालवत गॅरेजला न्यायची नाही, टो करून न्यायची. तपासणी उघड्या जागेत, इंजिन थंड असताना, पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवून. आणि प्रेशरची लाईन उघडण्याचं काम जाणकार मेकॅनिकचंच. प्रयोगशाळेतही नियम हाच आहे: प्रयोगाचा आराखडा मंजूर व्हायच्या आधी धोक्याचा विचार झालेला असावा लागतो.

प्रश्न नीट मांडा

‘पेट्रोल लीक आहे का?’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. आधुनिक पेट्रोल गाडीत गळती निदान तीन प्रकारची असते.

१. द्रव बाहेर येणं. टाकीतला पंप साधारण ३ ते ४ बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. नळी, जोड किंवा इंजेक्टरच्या रबरी रिंगमधून ते झिरपू शकतं.

२. वाफ बाहेर येणं. टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठवतात आणि नंतर इंजिनात जाळतात. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं किंवा कॅनिस्टरची नळी सुटली की वास येतो, थेंब मात्र कुठेच नाही.

३. आतल्या आत गळणं. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत दुसरा एक पंप असतो, तो दाब शेकडो बारपर्यंत नेतो. त्याचं सील गेलं तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. जमिनीवर काहीच सांडत नाही, ऑइल मात्र पातळ होत जातं.

तिन्हींना आपण ‘लीक’च म्हणतो, पण तिन्ही तपासण्याची पद्धत वेगळी. तुमच्या प्रबंधातल्या ‘ताण’, ‘गुणवत्ता’, ‘विकास’ अशा शब्दांचं असंच होतं. आधी फोड करा, मग मोजा.

उपकरण नेमकं काय मोजतं?

आता स्कॅनरकडे येऊ. त्याला वास येत नाही. सेन्सरची आकडेवारी ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली का, एवढंच गाडीचा संगणक बघतो. द्रवाची छोटी गळती असेल तर पंप दाब टिकवून धरतो, इंजेक्टरला हवं तेवढं पेट्रोल मिळतं आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर खूश राहतो. जे पेट्रोल इंजिनात गेलंच नाही, त्याची नोंद तो घेणार कशी? म्हणजे ‘नो फॉल्ट’चा अर्थ ‘गळती नाही’ असा होत नाही. ‘या उपकरणाला दिसेल अशी गळती आढळली नाही’ एवढाच होतो. हा फरक वहीत लिहून ठेवा, पुढे पाच वर्षं उपयोगी पडेल.

वाफेच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. इंटरनेटवर शोधलं की ‘पी०४४२ म्हणजे छोटी गळती, पी०४५५ म्हणजे मोठी गळती’ असे भरपूर व्हिडिओ मिळतात. ते चुकीचे नाहीत, पण बरेचसे अमेरिकन गाड्यांचे असतात. तिथे १९९६ पासून ओबीडी-२ सक्तीचं आहे, आणि २००० च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी वाफेची गळतीसुद्धा गाडीने स्वतः ओळखावी असा नियम आला. आपली भारत स्टेज मानकं युरोपीय धर्तीची. त्यांत कॅनिस्टरच्या परज व्हॉल्व्हचं विद्युत सर्किट शाबूत आहे का, एवढं तपासणं किमान गरजेचं मानलं जातं. त्यामुळे ती चाचणी आपल्या गाडीत असेलच असं नाही. जी चाचणी गाडीत नाही, तिचा कोड कधी येणार?

आणि चाचणी असली तरी ती रोज चालत नाही. टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी असेल, हवा फार गरम असेल, तर संगणक ती पुढे ढकलतो. शिवाय एकदा दोष दिसला म्हणून लगेच दिवा लावत नाहीत. बहुतेक वेळा लागोपाठ दोन फेऱ्यांत तो दिसावा लागतो. खोटा इशारा टाळण्यासाठी केलेली ही तडजोड आहे. तिची किंमत म्हणजे खरा इशारा उशिरा मिळतो. सांख्यिकीत पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची चूक शिकलात ना? ती हीच.

प्रत्येक गृहीतकाने काहीतरी वेगळं सांगायला हवं

‘झाकण खराब असेल किंवा नळी खराब असेल’ ही नुसती यादी झाली. प्रत्येक शक्यता खरी असेल तर काय दिसेल, ते *बघायच्या आधी* लिहा.

- झाकण किंवा वाफेची नळी: टाकी फुल केल्यावर आणि गाडी उन्हात उभी असताना वास वाढेल. इंजिन चालू असण्याशी फारसा संबंध नाही. ओल नाही.
- प्रेशरची लाईन: पंप चालू झाल्यावर वास वाढेल. जोडापाशी ओल किंवा डाग असेल. गरम भागावर पेट्रोल लगेच उडून जातं, म्हणून थेंब नसला तरी डाग शोधायचा.
- आतली गळती: डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी *वाढलेली* दिसेल, ऑइलला पेट्रोलचा वास येईल.

मग मेकॅनिक प्रेशर गेज लावून इंजिन बंद करतो आणि दाब किती वेळ टिकतो ते बघतो. दाब उतरला तर? तरी लगेच ‘नळी गळतेय’ म्हणायचं नाही. इंजेक्टर आत ठिबकत असला तरी दाब उतरतो, टाकीतल्या पंपाचा एकमार्गी व्हॉल्व्ह सैल असला तरी उतरतो. म्हणून मधे शट-ऑफ लावून टाकीकडची बाजू तोडतात. आता दाब टिकला तर दोष टाकीच्या बाजूला, तरीही उतरला तर इंजिनच्या बाजूला. एका चाचणीत अर्ध्या शक्यता बाद. वाफेच्या यंत्रणेसाठी अगदी कमी दाबाने नायट्रोजनमधून धूर सोडतात आणि तो कुठून बाहेर येतो ते बघतात. तिथे कॉम्प्रेसरची हवा वापरत नाहीत, कारण पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळणं म्हणजे स्फोटाची तयारी.

पुरावा पुसू नका

तपासणीआधी इंजिन धुऊन घेतलं की डाग गेले. कोड असेल आणि तो आधीच उडवला, तर दोष दिसला त्या क्षणाची नोंदही गेली. तसंच झाकण, नळी आणि इंजेक्टरच्या रिंगा एकदम बदलल्या तर वास जाईलही, पण कशामुळे गेला ते कळणार नाही, आणि बिल मात्र तिन्हींचं येईल. कच्ची माहिती जपा, एका वेळी एकच बदल करा.

‘कुठून’ आणि ‘का’ वेगळं

नळी चिरलेली सापडली. का चिरली? हल्ली पहिलं उत्तर येतं, ‘ई२० मुळे’. इथेनॉलमुळे काही प्रकारचं रबर फुगतं किंवा कडक होतं, हे खरं आहे. म्हणूनच ई२० ला साजेसं साहित्य वापरलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून आल्या. पण त्याआधीची गाडी म्हणजे जुनी गाडी, आणि जुनं रबर उष्णतेनेही चिरतं. वय आणि इंधन दोन्ही एकत्र बदलले, तर दोष एकट्या इंधनावर कसा टाकणार? त्यासाठी सारख्या वयाच्या, सारख्या वापराच्या, पण वेगवेगळं इंधन मिळालेल्या गाड्यांची तुलना हवी. आणि आधी नळीवर दातांच्या खुणा आहेत का तेही बघा. पावसाळ्यात उबेला आलेल्या उंदराचा इथेनॉलशी काही संबंध नसतो!

दुरुस्तीनंतर खात्री करायची ती आधीच्याच परिस्थितीत: तशीच फुल टाकी, तीच जागा, रात्रभर उभी गाडी, आणि एकदा नाही तर तीन-चार दिवस. जुनी नळी परत बसवून वास परत येतो का बघणं, हा पुरावा सगळ्यात भक्कम ठरला असता. पण तो प्रयोग आपण करत नाही, कारण त्यात माणसं जळू शकतात. काही प्रश्नांची उत्तरं थोड्या कमी खात्रीने स्वीकारावी लागतात, आणि ती किती कमी आहे हे प्रामाणिकपणे लिहावं लागतं.

आता तुमचा स्वतःचा संशोधन प्रस्ताव उघडा आणि तीन ओळी लिहा: माझं उपकरण काय *पाहू शकत नाही*? माझं गृहीतक चुकीचं असेल तर मला काय दिसेल? आणि तेच निरीक्षण दुसऱ्या कुठल्या कारणाने येऊ शकतं? या तीन ओळी जमल्या, तर मार्गदर्शकांशी पुढची भेट बरीच सोपी जाईल.