चार वर्षांचं मूल प्रोग्रॅमिंग करतं म्हणजे नेमकं काय करतं?

माझा विषय सांगितला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "अजून धड वाचता येत नाही, कोडिंग कसलं करणार?" वाचण्याची अडचण खरं तर पन्नास वर्षांपूर्वीच सुटली. खरी गोम वेगळीच आहे.

१९६७ साली सेमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा तयार केली. पुढे तिच्या जोडीला जमिनीवर चालणारं यांत्रिक कासव आलं, पण त्याला आज्ञा टाइप करूनच द्यायच्या. मग एमआयटीत रेडिया पर्लमन यांनी त्याहून लहान मुलांसाठी बटणांची पेटी बनवली. (हो, कॉम्प्युटर नेटवर्कमधल्या स्पॅनिंग ट्रीवाल्या पर्लमन त्याच!) 'पुढे'चं बटण दाबलं की कासव लगेच पुढे.

पण हा झाला रिमोट. प्रोग्रॅम म्हणजे आत्ता सांगून ठेवायचं आणि नंतर घडू द्यायचं, आणि लहान मुलांना हेच जड जातं. सांगणं आणि घडणं यांत अंतर पडलं की चूक कुठल्या आज्ञेत झाली, ते कसं कळणार?

पर्लमन यांचं पुढचं यंत्र मला म्हणूनच फार आवडतं. त्यात खाचांची रांग असायची, खाचांत आज्ञांची प्लास्टिक कार्डं लावायची. बटण दाबलं की कासव एकेक कार्ड पाळत जाई आणि चालू कार्डापाशी दिवा लागे. समजा, कासव मुलाकडे तोंड करून उभं आहे. 'उजवीकडे' सांगितलं तर ते मुलाच्या डावीकडे वळणार. 'असं का केलं याने?' हे मुलाला दिव्यापाशी बोट ठेवून विचारता येतं. तरीही उलगडलं नाही, तर पेपर्ट यांचा उपाय: स्वतः कासव व्हायचं आणि चालून बघायचं.

आजचा 'कीबो' हा रोबोट टफ्ट्स विद्यापीठात मरिना बर्स यांच्या संशोधनातून आला. त्याला स्क्रीन नाही. लाकडी ठोकळे जोडायचे, त्यांवरचे बारकोड रोबोटला दाखवायचे, बटण दाबायचं. छानच आहे. फक्त एक मेख आहे: स्कॅन झाल्यावर प्रोग्रॅम रोबोटच्या पोटात जातो. नंतर ठोकळा बदलला, पण पुन्हा स्कॅन केलं नाही, तर रोबोट जुनंच करत राहतो. समोर ठोकळे एक सांगतायत, रोबोट दुसरंच करतोय. शिक्षकाने इथे घाईघाईने स्वतःच स्कॅन करून दिलं, तर तासातला सगळ्यात मोलाचा क्षण गेला. 'त्याला नवीन कुठं माहितेय?' हे मुलाच्या तोंडून येईपर्यंत थांबायला हवं.