शिवडीचे रोहित आणि भरतीचे गणित

पक्षिनिरीक्षणास निघालेल्या नवख्या माणसाला प्रथम दुर्बीण आठवते. मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, शिवडीच्या बंदरात रोहित पक्षी पाहावयाचे असतील, तर त्याआधी पंचांग उघडावे. फ्लेमिंगो किंवा अग्निपंख या नावांनीही ओळखले जाणारे हे पक्षी हिवाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाच्या तोंडापर्यंत येथे असतात. तथापि हंगाम योग्य असूनही रिकाम्या हाताने परतणारे पुष्कळ आढळतात, कारण त्यांची वेळ चुकलेली असते.

पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि थवे विसाव्यासाठी अन्यत्र उडून जातात. पूर्ण ओहोटीला ते पाण्याच्या कडेबरोबर इतके दूर सरकतात की एक गुलाबी रेघ तेवढी दिसते. म्हणून भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर तेथे पोहोचावे. भरतीची वेळ काढण्याचा कोकण किनाऱ्यावरील जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला ती सहाला येते. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हा हिशेब लागू पडतो. पौर्णिमा-अमावास्येस पंधरा धरावेत. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते, हे या पाऊणपटीमागील कारण होय. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. शहरात राहणाऱ्यांच्या बोलण्यातून यांपैकी 'उधाण' तेवढे टिकले, तेही बहुधा आनंदाला येणारे.

पक्षी जवळ आले की त्यांची चोच पाहावी. मान खाली घालून रोहित चोच उलटी धरतो, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडांवरील बारीक गाळणीत अन्न अडकवतो. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शैवाल खातो; त्याची चोच गडद असते. मोठा रोहित उंच, अधिक पांढुरका, गुलाबी चोचीचे टोक काळे. तो चिखलातील बारीक जीवही टिपतो. गुलाबी रंग या आहारातूनच पिसांत उतरतो. म्हणून थव्यातील राखाडी पक्षी आजारी समजू नयेत. ती वयात न आलेली पिल्ले असतात. त्यांचा जन्म मात्र येथला नव्हे. कच्छचे रण हे रोहितांच्या विणीचे प्रसिद्ध स्थान आहे.

एवढे शैवाल येथे का वाढते? खाडीत येणाऱ्या शहराच्या सांडपाण्यातील पोषकद्रव्ये हे त्याचे एक कारण मानले जाते. म्हणजे ज्या दृश्यासाठी आपण हार्बर मार्गाची गाडी पकडून जातो, त्याला काही अंशी आपल्याच मोऱ्यांनी पोसले आहे. ही गोष्ट सुखद नाही, परंतु तिच्यावाचून हे दृश्य समजत नाही. त्याच खाडीत कारखान्यांची रसायनेही उतरतात, आणि गाळून खाणाऱ्या पक्ष्याला नको ते वेगळे काढता येतेच असे नाही.

ठाणे खाडीचा उत्तरेकडील भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या केंद्रातून तेथे नौकेने जाता येते. शिवडीचा चिखल मात्र या सीमेबाहेर आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू याच चिखलावरून समुद्रात शिरतो. शिवाय भरतीच्या वेळी पक्ष्यांना टेकावयास नवी मुंबईतील नेरुळसारख्या ठिकाणच्या पाणथळ जागा लागतात. त्या बुजल्या, तर चिखल शाबूत राहूनही भागणार नाही. दिवसातून दोनदा येणारे पाणी त्यांना उठवणारच.

शिवडीचा किनारा पूर्वाभिमुख आहे. सकाळी सूर्य डोळ्यांवर येतो आणि पक्षी काळ्या आकृतींसारखे दिसतात. दुपारनंतर प्रकाश आपल्या पाठीशी असतो. तेव्हा तृतीया ते पंचमीच्या आसपासचा एखादा दिवस निवडावा, साडेचारपर्यंत धक्क्यावर असावे आणि चिखलात उतरू नये. पाणी हटू लागले की आधी शेकाट्या, चिखल्या आणि तुतवार उघड्या जागेवर उतरतात. रोहित त्यांच्या मागून येतात, चालत, पाण्याच्या कडेकडेने.