कॅमेऱ्याद्वारे नाडीपरीक्षा

हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी चेहऱ्याच्या त्वचेखालील रक्ताचे प्रमाण किंचित वाढते. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश विशेष शोषून घेत असल्याने त्वचेचा रंग सूक्ष्मपणे बदलतो. डोळ्यांना न दिसणारा हा बदल साधा कॅमेरा टिपतो व त्यावरून नाडीचे ठोके मोजता येतात, हे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. डॉक्टरांचा हात जेथे रुग्णाच्या मनगटापर्यंत पोहोचू शकत नाही, तेथे हे तंत्र उपकारक ठरावे. मात्र अपुऱ्या उजेडात किंवा रुग्ण हलल्यास मापन चुकते. सावळ्या त्वचेतील मेलॅनिनही प्रकाश शोषत असल्याने मापन अधिक कठीण होते. म्हणूनच गोऱ्या त्वचेवर पारखलेले उपकरण येथे वापरण्यापूर्वी त्याची कसोटी येथील रुग्णांवर, खेड्यातील घराच्या उजेडातच घेतली गेली पाहिजे.