मोतीबिंदूआधी सिस्टर लघवीच्या गोळीचे का विचारतात?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या आजोबांना सिस्टर विचारतात, ‘लघवीसाठी काही गोळी चालू आहे? पूर्वी कधी घेतली होती?’ डोळ्याचा आणि लघवीचा काय संबंध, असे वाटून घरचे परस्पर ‘नाही’ म्हणून मोकळे होतात.

संबंध आहे. प्रोस्टेट वाढल्यावर दिली जाणारी टॅमसुलोसिन ही गोळी मूत्रमार्गाचे स्नायू सैल करते, तसेच बाहुलीभोवतीच्या रंगीत चकतीचेही. मोतीबिंदू काढायचा असतो तो बाहुलीतूनच. गोळी घेणाऱ्या काहींची बाहुली थेंब घालूनही पुरेशी मोठी होत नाही आणि सैल चकती शस्त्रक्रियेत मध्ये येते. डेव्हिड चँग व जॉन कॅम्पबेल या नेत्रतज्ज्ञांनी २००५ मध्ये हे प्रथम मांडले. गोळी थांबवल्यावरही परिणाम राहू शकतो, म्हणून ‘पूर्वी’चा प्रश्न. आधी कळले तर सर्जन बाहुली उघडी धरणाऱ्या बारीक कड्या हाताशी ठेवतात. ऐनवेळी कळले तर गुंतागुंतीचा धोका वाढतो.

रिपोर्टची जाड फाइल या विचारपुशीची जागा घेऊ शकत नाही. अमेरिका व कॅनडातील १९ हजारांवर मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट तपासण्या केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण सारखेच निघाले. अर्थात, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या टाळू नयेत.

रक्त पातळ करणारी गोळी घरच्या घरी बंद करणे हा आणखी एक नेहमीचा घोटाळा. भुलीचे थेंब घालून होणाऱ्या शस्त्रक्रियेसाठी ती बहुधा थांबवावी लागत नाही. उलट थांबवल्याने हृदयाला किंवा मेंदूला धोका होऊ शकतो. मधुमेहींनीही इन्सुलिन घेऊन परस्पर उपाशी राहू नये. खायचे काय आणि औषध किती, हे आदल्या दिवशीच विचारावे.

शस्त्रक्रियेत उताणे, न हलता पडून राहावे लागते. खोकला, आडवे झाल्यावर लागणारा दम, थरथरणारी मान हे सगळे आधी सांगावे. ऐकू कमी येत असेल तर तेही, कारण तोंडावर कापड असताना ‘हलू नका’ ही सूचना कानांवरच पोहोचते.

औषधांची नावे आठवत नसतील तर सगळी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, बंद केलेल्या गोळ्यांचीही.