व्यायाम, नायट्रिक ऑक्साइड आणि हृदयगतीचे चेतानियंत्रण

नियमित व्यायामाने विश्रांतीच्या वेळची हृदयगती कमी होते. हृदयाकडे जाणाऱ्या स्वायत्त चेतांच्या कार्यात होणारा बदल हे त्याचे एक कारण मानले जाते. व्हेगस (प्राणेशा) चेतेच्या टोकांत तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू त्या चेतेचा हृदयावरील प्रभाव वाढवतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसून आले आहे. प्रौढ व्यक्तीची विश्रांतीतील हृदयगती साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० असते. दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंमध्ये ती ४० च्या आसपासही आढळते. नांदेड आणि लातूरसारख्या जिल्ह्यांत पोलीस व सैन्य भरतीसाठी धावण्याचा सराव करणाऱ्या तरुणाची नाडी वैद्यकीय तपासणीत मंद लागली, तर तो सरावाचा परिणाम आहे की आजाराचे लक्षण, हे ठरवण्यासाठी ही यंत्रणा समजणे आवश्यक ठरते.

चेतांचे नियंत्रण

हृदयाचे ठोके उजव्या अलिंदातील सायनोएट्रियल गाठीत उत्पन्न होतात. चेतांचा संबंध पूर्णपणे तोडला तरी ही गाठ स्वतःच्या लयीत चालू राहते व तरुण वयात ती लय मिनिटाला सुमारे १०० असते. विश्रांतीत प्रत्यक्ष गती याहून कमी राहते, कारण व्हेगस चेता ॲसिटिलकोलीन स्रवून गाठीला सतत आवर घालते. अनुकंपी चेता नॉरॲड्रिनॅलिन स्रवून गती वाढवतात. चेता रसायनामार्फत हृदयाशी संवाद साधते हे ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने दाखवले.

नायट्रिक ऑक्साइडचे कार्य

नायट्रिक ऑक्साइड हा अल्पजीवी वायू आर्जिनिन या अमिनो आम्लापासून विकराच्या साहाय्याने पेशीतच बनतो. रक्ताभिसरणातील त्याच्या संदेशवाहक कार्याच्या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते संशोधन मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या अस्तराशी संबंधित होते. चेतापेशींमध्ये मात्र या विकराचे वेगळे रूप असते आणि हृदयाला चिकटून असलेल्या व्हेगसच्या चेतागुच्छांतही ते आढळते.

व्हेगसच्या टोकात नायट्रिक ऑक्साइड सायक्लिक जीएमपी या रेणूचे प्रमाण वाढवतो. त्यामुळे सायक्लिक एएमपीचे विघटन करणारे एक विकर मंदावते, साठलेले सायक्लिक एएमपी कॅल्शियमच्या वाहिन्यांना अधिक कार्यक्षम करते आणि आत आलेल्या वाढीव कॅल्शियममुळे प्रत्येक संदेशामागे जास्त ॲसिटिलकोलीन बाहेर पडते. अनुकंपी चेतेच्या टोकात तोच सायक्लिक जीएमपी दुसऱ्या एका विकराला चालना देतो; तेथे सायक्लिक एएमपी घटते आणि नॉरॲड्रिनॅलिनचा स्राव कमी होतो. एकाच वायूमुळे एका चेतेचा आवाज वाढतो आणि दुसरीचा दबतो. हृदयगतीवरील परिणाम मात्र दोन्हीकडून एकाच दिशेने होतो.

यावरून नायट्रिक ऑक्साइड हृदयगती कमी करतो, असे सरसकट म्हणता येत नाही. हृदयशूळावर जिभेखाली ठेवली जाणारी नायट्रेटची गोळी हाच वायू पुरवते. पण तिने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो व प्रतिक्षेपाने नाडी जलद होते. वायू कोठे तयार होतो यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो.

प्रायोगिक पुरावा

ऑक्सफर्ड विद्यापीठातील एडवर्ड डॅन्सन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी २००३ मध्ये चाकावर स्वेच्छेने धावणाऱ्या उंदरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. सराव झालेल्या उंदरांच्या अलिंदांत चेताजन्य विकराचे प्रमाण वाढलेले होते आणि व्हेगसला विद्युत उद्दीपन दिल्यावर हृदयगती बैठ्या उंदरांपेक्षा अधिक घटली. हे विकर औषधाने रोखताच दोन्ही गटांतील फरक नाहीसा झाला. ॲसिटिलकोलीनसारखे द्रव्य थेट गाठीवर दिल्यास मात्र दोन्ही गटांचा प्रतिसाद सारखाच होता, म्हणजे बदल ग्राहकांत नसून चेतेच्या टोकात होता. पोहण्याचा सराव दिलेल्या गिनीपिगांत याआधी त्याच प्रयोगशाळेने अनुकंपी चेतेचा प्रभाव घटल्याचे नोंदवले होते.

याच्या विरोधात जाणारा पुरावाही तितकाच वजनदार आहे. मँचेस्टर विद्यापीठातील मार्क बॉयेट यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले, की सराव झालेल्या उंदरांत चेतांचा प्रभाव औषधांनी पूर्ण रोखला तरी हृदयगती कमीच राहते. ठोका सुरू करणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या वाहिन्याच गाठीत कमी झालेल्या होत्या. मंद नाडीचे सर्व श्रेय व्हेगसला देणारी पाठ्यपुस्तकी मांडणी त्यामुळे अपुरी ठरते. मानवी हृदयात या दोन कारणांचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत.

मराठवाड्याच्या संदर्भात

व्यायामाच्या प्रकारानुसार हा परिणाम बदलतो. लातूर जिल्ह्याला रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांच्यापासून कुस्तीची ख्याती आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले. ताकद आणि झटापटीच्या खेळांपेक्षा दीर्घकाळ दमसास लागणाऱ्या धावण्यासारख्या खेळांत हृदयगती सामान्यतः अधिक घटते. पोलीस भरतीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघाल्यावर सुरू केलेला काही दिवसांचा सराव चेतांत किंवा गाठीत असा बदल घडवण्यास पुरेसा नसतो.

नांदेड-लातूरचा उन्हाळा नाडीच्या मोजणीत अडथळा ठरतो. तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर असताना त्वचेकडे अधिक रक्त वळते, व्हेगसचा आवर सैल होतो व नाडी वाढते. म्हणून ती सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजणे योग्य.

बीट, पालक यांसारख्या भाज्यांतील नायट्रेटचे तोंडातील जिवाणूंमुळे नायट्राइट व पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड होते. याने रक्तदाब काहीसा उतरू शकतो. व्हेगसच्या टोकातील विकराशी त्याचा संबंध जोडणे घाईचे आहे. मराठवाड्यात अनेक ठिकाणी बोअरच्या पाण्यात खते व सांडपाण्यातून नायट्रेट उतरते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. असे दूषित पाणी व्यायामाला पूरक ठरत नाही. तान्ह्या मुलांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता ते घटवू शकते.

सराव करणाऱ्या निरोगी व्यक्तीची मंद नाडी थोड्या हालचालीने लगेच वाढते. ती वाढत नसेल, चक्कर किंवा मूर्च्छा येत असेल, अथवा कुटुंबात कमी वयात अकस्मात मृत्यू झालेला असेल, तर ईसीजी काढून हृदयाच्या विद्युतमार्गातील अडथळा वगळावा लागतो.